वाचकांचे प्रश्न : डॉग ट्रेनर व्हायचंय

प्रश्न : मी इंदूरला सुदामानगरात राहतो. बी.एस्सी. झालंय, पण कुत्र्यांचा ट्रेनर होऊन त्यावरच पोट भरायचं आहे. घरचे विचारतात, सर्टिफिकेट कुठून आणणार? ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला शिकता येईल का?

उत्तर : टेकनपूर सोडून द्या. सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीतलं ते श्वान प्रशिक्षण केंद्र सुरक्षा दलांचे नि पोलिसांचे कुत्रे आणि त्यांचे हँडलर तयार करतं. घरोघरी जाऊन शिकवणाऱ्यांची ती शाळा नाही. इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजची पदवीही या कामाला लागत नाही.

आपल्याकडे डॉग ट्रेनरला परवाना लागत नाही. म्हणजे उद्या कोणीही पाटी लावू शकतो, आणि लावतोही. म्हणून कोर्स घेताना एकच विचारा, प्रत्यक्ष कुत्रा हातात किती तास? सीपीडीटी-केए या परदेशी परीक्षेला बसायचं तर मागच्या तीन वर्षांत किमान ३०० तास शिकवल्याचा हिशेब द्यावा लागतो. परीक्षा द्या अथवा देऊ नका, आकडा तो धरा. बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये आठवड्यातून तीन सकाळी जा, एखाद्या जाणत्या ट्रेनरबरोबर नुसती लीश (पट्ट्याची दोरी) धरायला जा, नात्यागोत्यातली पिल्लं मागून घ्या. भित्रं, उड्या मारणारं, रस्त्यावरून आणलेलं, सगळा वाण हवा. घरच्या एकाच लॅब्राडॉरवर ३०० तास घातलेत तर लॅब्राडॉर हुशार होईल, तुम्ही नाही. वहीत तारीख, कुत्रा, काय शिकवलं आणि दहापैकी किती वेळा जमलं, एवढं रोज लिहा.

प्रश्न : व्हिडिओ पाहून शिकलो. हातात खाऊ दिसला की कुत्रा बसतो, नाहीतर तोंड फिरवतो. पहिल्याच गिऱ्हाइकाकडे फजिती झाली. (ग्वाल्हेर)

उत्तर : तुमच्याकडे खाऊ बक्षीस न राहता लाच झालाय. मुळापासून सुरू करा.

आधी खुणेचा शब्द, म्हणजे 'बरोबर केलंस, खाऊ येतोय' हे कुत्र्याला सांगणारा शब्द, पक्का करा. 'येस' म्हणा आणि लगेच तुकडा द्या, असं १५-२० वेळा. कुत्र्याला काही करायला सांगू नका. शब्द ऐकताच तो तुमच्या हाताकडे वळला की खूण बसली. मग हरभऱ्याएवढा तुकडा नाकाला जवळजवळ टेकवून हात हळूहळू वर आणि मागे, दोन कानांच्या मधे न्या. नाक वर गेलं की बूड खाली येतं. हात फार उंच नेलात तर पुढचे पाय उचलून उडी मारेल, फार मागे नेलात तर उलटा चालत जाईल. त्यासाठी त्याची पाठ भिंतीकडे ठेवा. बूड फरशीला टेकलं त्याच क्षणी 'येस'. अर्धा सेकंद उशीर झाला आणि तोवर तो उठला, तर तुम्ही उठण्याचं बक्षीस दिलंत. बहुतेक नवशिक्यांची गाडी इथेच अडते. घरी कोणाला तरी चेंडू टाकायला सांगा, तो जमिनीला लागेल त्या क्षणी 'येस' म्हणा, मोबाइलवर चित्रण करून सावकाश पाहा. उशीर डोळ्यांना दिसेल.

चार-पाच वेळा जमलं की खाऊ हातातून काढा. हात तसाच फिरवायचा, पण रिकामा, आणि तुकडा कमरेच्या पिशवीतून. 'बैठ' हा हुकमाचा शब्द सगळ्यात शेवटी जोडा. आधी शब्द, सेकंदभर थांबा, मग हात. दोन्ही एकदम केलंत तर कुत्रा हाताकडेच बघतो, शब्द वाया जातो. दहापैकी आठ वेळा जमल्याशिवाय अंगणात जाऊ नका. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरे.

शाकाहारी घरात पनीर चालतं. ५० ग्रॅमचे शंभरावर तुकडे निघतात. पण दिवसभराचा खाऊ खुराकाच्या दहाव्या भागाहून जास्त नको, तेवढं जेवण कमी करा. मनुका, कांदा, चॉकलेट अजिबात नाही.

प्रश्न : घरात आम्ही मराठी, कामवाल्या मावशी हिंदी. कुत्र्याला कोणत्या भाषेत शिकवायचं? (रामबाग, इंदूर)

उत्तर : भाषा कोणतीही, शब्द मात्र घरात एकच. इंदुरात एक खास अडचण आहे. आपलं 'बस' हिंदीत 'पुरे' असतं. पाहुणा ताटावर हात धरून "बस, बस" म्हणतो, आणि कुत्र्याला तो शब्द दिवसातून पन्नासदा विनाकारण ऐकू येतो. 'ये'चंही तेच, "ये क्या है" कानावर पडतंच. 'खाली' हिंदीत रिकामं. फुकट ऐकलेल्या शब्दाकडे कुत्रा लक्ष देईनासा होतो. बसायला 'बैठ', बोलवायला 'इकडे', थांबायला 'थांब' ठेवा, आणि कागद फ्रिजवर चिकटवा. आजीबाई 'बस रे राजा' म्हणतीलच. त्यांना रागवू नका, हाताची खूण शिकवा.

प्रश्न : गुरगुरणारा, चावणारा कुत्रा शिकवायला घ्यावा का?

उत्तर : सुरुवातीला नाही. मालकाला सरळ सांगा आणि आधी पशुवैद्याकडे पाठवा. कान, दात, सांधे दुखत असले तरी कुत्रा चावतो. अंग ताठ होणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, झोप नसताना जांभई, ओठ चाटणं ही गुरगुरण्याआधीची भाषा आहे. गुरगुरण्याला शिक्षा करू नका. सूचना बंद होते, चावणं नाही.

काम सुरू करण्याआधी रेबीजची पूर्वलस घ्या : ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा. पूर्वलस झालेल्यांनाही ० आणि ३ ऱ्या दिवशी दोन डोस लागतात.

प्रश्न : फी कशी ठरवावी? कुत्रा महिनाभर आपल्याकडे ठेवून शिकवावा का?

उत्तर : ठेवून शिकवलेला कुत्रा तुमचं ऐकतो, घरच्यांचं नाही, आणि परत गेल्यावर महिन्याभरात फोन येतो. ४५ मिनिटांच्या धड्यात १५ मिनिटं तुम्ही, ३० मिनिटं लीश मालकाच्या हातात. आठ धड्यांचं पॅकेज, अर्धे पैसे आधी, आणि "गॅरंटी" हा शब्द नाही. रोज दोनदा पाच मिनिटं सराव मालकाने करायचा, हे कागदावर लिहून घ्या. तासाच्या हिशेबात जाण्यायेण्याचा वेळ धरा. राजवाड्यापासून विजयनगर गाठून परत यायचं, तर ४५ मिनिटांचा धडा सहज दोन तास खातो.

एप्रिल ते जूनमध्ये धडे सकाळी साडेसातच्या आत उरका. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेववत नसेल तर पंजेही भाजतात. पग नि बुलडॉग या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मात्र घरातच, पंख्याखाली शिकवा.