'मृत्यूला कवटाळले' का खटकते?

प्रश्न असा आला: रेल्वेमार्गावरच्या आत्महत्येच्या बातमीत 'मृत्यूला कवटाळले' लिहितात. व्याकरणात चूक नाही, तरी खटकते. का? आणि त्याऐवजी काय लिहावे?

खटकते ते क्रियापदामुळे. कवटाळणे हे मायेचे क्रियापद. शाळेतून रडत आलेल्या लेकराला आई कवटाळते. ते मृत्यूला जोडले की मृत्यूच हवाहवासा वाटू लागतो. 'जीवनयात्रा संपवली' हेही तसेच. यात्रा पुरी झाल्याचे समाधान त्यात डोकावते. ज्याचे मन आधीच काठावर आहे, असा वाचकही ती बातमी वाचत असतो.

शब्दांनी एवढा फरक पडतो का? व्हिएन्नात पडला. तिथली भुयारी रेल्वे १९७८ साली सुरू झाली. पुढे काही वर्षांनी तिच्यावरच्या आत्महत्या वाढल्या आणि वर्तमानपत्रे त्या रंगवून छापू लागली. १९८७ साली तिथल्या अभ्यासकांनी पत्रकारांना सांगितले: मथळा भडक नको, तपशील नको, एकच कारण चिकटवू नका. पत्रकारांनी ऐकले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्या मार्गावरच्या आत्महत्या आणि प्रयत्न मिळून तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले.

आपल्याकडे ते 'एकच कारण' एका शब्दात येते: 'कंटाळून'. आजाराला कंटाळून, कर्जाला कंटाळून. कंटाळा तर रविवारी दुपारीही येतो! माणसाच्या असह्य वेदनेला हा शब्द फार तोकडा आहे, आणि कर्ज म्हणजे हाच शेवट, असा हिशोब तो वाचणाऱ्यापुढे मांडतो.

'आत्महत्या' हा शब्दच टाळावा का? त्यात 'हत्या' आहे हे खरे. जर्मनमध्येही 'स्वतःचा खून' अशा अर्थाच्या जुन्या शब्दाऐवजी 'सुइत्सिड' वापरा, असे अभ्यासक सांगतात. पण मराठीत 'आत्मघात' म्हटले की आत्मघाती हल्ला आठवतो, आणि 'जीव दिला' म्हटले की त्यागाची छटा येते. म्हणून मी 'आत्महत्या' ठेवते, फक्त मथळ्यात नाही. 'प्रयत्न फसला' मात्र कधीच लिहू नये. माणूस वाचला, तर 'प्राण वाचले' लिहावे.

मथळा एवढाच पुरे: 'रेल्वेमार्गावर एकाचा मृत्यू'. आत: 'आत्महत्या असल्याचा पोलिसांचा प्राथमिक अंदाज, अकस्मात मृत्यूची नोंद'. आणि खाली, ठळक अक्षरांत: टेली-मानस (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन), १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येते.