मासेमारीचा ठेका आणि अभयारण्यातली प्रवेश-मुक्कामाची फी वाढवावी का?

गौताळा अभयारण्यात गाडी घेऊन फिरायला, मुक्कामाला येणाऱ्यांची फी जरूर वाढवा. तो पैसा मात्र तिथल्याच पाणवठ्यांवर आणि वनमजुरांवर खर्च व्हावा.

मासेमारीचा ठेका वाढवायला माझा ठाम विरोध आहे. तलाव मच्छीमार संस्था ठेक्यानं घेतात, रक्कम जलक्षेत्राच्या हेक्टरवर ठरते. पण आपल्याकडं पाण्याचा काय भरवसा? २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा साली तलावात सोडलेली बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, वाया जाते, मासेमारीवर जगणाऱ्या भोयाच्या घरात चूल पेटायची पंचाईत होते. वाढवायचाच असेल तर आधी दुष्काळी सालाची ठेकामाफी आपोआप लागू करा, अर्जविनंत्या न करता.