केमिस्ट्रीवाला इम्युनोलॉजीत नाव काढू शकतो का?

सांगलीत केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करताय आणि विचारताय की इथून इम्युनोलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासात, कुणी नाव काढलंय का. केलंय की! मायकेल हायडेलबर्गर बघा. जन्म न्यूयॉर्कचा, 1888. कोलंबियातून 1911 मध्ये पीएचडी, तीही ऑरगॅनिक केमिस्ट्रीत. रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये आधी औषधं बनवली. मग 1923 मध्ये तिथले सहकारी ऑस्वाल्ड ॲव्हरी यांच्याबरोबर दाखवून दिलं, की न्यूमोनियाच्या जंतूचं जे कवच शरीर ओळखतं ते प्रथिन नाही, पॉलिसॅकराइड आहे, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी. हे लवकर कुणाच्या पचनी पडेना.

मला मात्र त्यांचं पुढचं काम जास्त मोठं वाटतं. तोवर सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) किती पातळ केलं तरी परिणाम दिसतो, यावरून अँटिबॉडीचा, म्हणजे जंतूशी लढणाऱ्या प्रथिनाचा, अंदाज बांधत. यांनी अँटिजेन (शरीर ओळखतं तो परका पदार्थ) आणि अँटिबॉडी एकत्र येऊन तळाशी बसणारा साका धुतला, त्यातला नायट्रोजन मोजला आणि अँटिबॉडी थेट मिलिग्रॅममध्ये सांगितली. प्रॅक्टिकलला तुम्ही नायट्रोजन मोजायची जेल्डाल पद्धत करता ना, त्याच जातीचं काम.

मानसन्मान? वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला लास्कर पुरस्कार दोनदा (1953, 1978), 1967 चं तिथलंच नॅशनल मेडल ऑफ सायन्स. नोबेल नाही, आणि ते मला अजून पटत नाही. 1991 मध्ये गेले, वय 103!

आपल्या आरोग्य केंद्रात बाळाला दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना देतात ती न्यूमोनियाच्या याच जंतूविरुद्धची पीसीव्ही लस कवचातल्या याच पॉलिसॅकराइडवर बेतलेली आहे. तेव्हा बिनधास्त जा. एमएस्सी बायोकेमिस्ट्री कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही आहे.