चॅम्पचा टोन: आधी स्पीकर, मग सोल्डरिंग

प्रश्न: नमस्कार दादा, मेव्हण्याने न्यू जर्सीहून येताना ७० च्या दशकातला फेंडर चॅम्प आणलाय, म्हणजे व्हॉल्व्हचा छोटा गिटार अँप, सिल्व्हरफेस (चंदेरी पॅनेलचा). स्टेप-डाऊन (आपले २३० व्होल्ट १२० वर आणणारा ट्रान्सफॉर्मर) लावून वाजवतो. व्हॉल्यूम ६ च्या पुढे नेला की बास फाटतो, मिड्स (बास आणि ट्रेबलच्या मधला आवाज) तर नाहीतच, आणि गिटार वाजवत नसलो तरी घूंऽऽ चालूच. मला ट्वीड चॅम्पसारखा (त्याआधीचं, कापडी आवरणाचं मॉडेल) टोन हवाय. सगळे कपॅसिटर बदलून टाकू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: सगळे अजिबात नको! चॅम्पमध्ये आहे काय तर तीन व्हॉल्व्ह, सिग्नल वाढवायला एक १२एएक्स७, स्पीकर चालवायला एक ६व्ही६, रेक्टिफायरला (एसीचं डीसी करायला) ५वाय३, आणि ८ इंची स्पीकर, पॉवर जेमतेम ६ वॅट. इतक्या साध्या सर्किटमध्ये एक पार्ट बदलला तरी फरक लगेच ऐकू येतो, त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदला, वाजवून बघा, मग पुढची, नाहीतर कशाने काय झालं ते कळणारच नाही.

आधी घूं. व्हॉल्यूम शून्यावर आणा, तरी आवाज राहिला तर पहिला संशय पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरवर, ते इलेक्ट्रोलिटिक असतात आणि इतक्या वर्षांत सुकतात. ते मात्र नक्की बदला, मायक्रोफॅरड जुन्याइतकेच आणि व्होल्टेज जुन्याएवढं किंवा जास्त, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा. पहिल्या कपॅसिटरची व्हॅल्यू भरमसाट वाढवू नका, ५वाय३ वर ताण येतो. सिग्नलच्या मार्गातले कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारे) डीसी लीक करत नसतील तर हात लावू नका. नेटवर सरसकट तेच बदलायला सांगतात आणि मला ते अजिबात पटत नाही, चांगले चालणारे मूळ पार्ट उगाच उपटले जातात.

स्टेप-डाऊनमधून १२० च्या आसपास व्होल्ट येतायत ना ते मोजा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग बघा. बरेच स्वस्त स्टेप-डाऊन तिसरी पिन पुढे नेतच नाहीत. स्टेप-डाऊनचा प्लग भिंतीतून काढा, अँप स्टेप-डाऊनला लावलेलाच राहू द्या, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक अँपच्या चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला), दुसरं भिंतीत जाणाऱ्या प्लगच्या अर्थ पिनला. बीप आला नाही तर तो स्टेप-डाऊन वापरू नका, हातात स्टीलच्या तारांची गिटार असते हो!

आता टोन. माझं ऐकाल तर सोल्डरिंगच्या आधी कोणाकडून तरी ४ ओहमचा १२ इंची कॅबिनेट आणा आणि अँप बंद करून मागच्या जॅकला लावा (स्पीकर न लावता अँप कधीच चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो). बास फाटण्यामागे बऱ्याचदा तो छोटा स्पीकरच असतो. तरीही फाटत असेल तर पहिल्या स्टेजच्या (१२एएक्स७ च्या पहिल्या अर्ध्या भागाच्या) कॅथोड पिनवरचा २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून तिथे १ किंवा २.२ चा लावा, खालचा बास आवळला जातो, गिटारला हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर जास्तच जाणवेल.

मिड्सचं म्हणाल तर ट्वीडच्या ५एफ१ सर्किटमध्ये टोन कंट्रोल नव्हताच, फक्त व्हॉल्यूम. तुमच्या अँपमधलं बास-ट्रेबलचं सर्किट मिड्स खातं. तिथे ग्राउंडला जाणारा १५के (१५ हजार ओहम) चा रेझिस्टर आहे, त्याच्या जागी ३३के किंवा ४७के लावा, मिड्स वर येतात आणि अँप कमी व्हॉल्यूमवरच ओव्हरड्राइव्ह व्हायला लागतो. एवढ्यानेच बऱ्याच जणांचं समाधान होतं. अजून रांगडा आवाज हवा तर निगेटिव्ह फीडबॅकच्या (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे आणून आवाज साफ ठेवणाऱ्या) वायरमध्ये एक स्विच टाका, म्हणजे हवा तेव्हा फीडबॅक तोडता येईल. चॅसिसला नवं भोक मात्र पाडू नका. काढलेला प्रत्येक पार्ट नाव लिहून पाकिटात ठेवा, उद्या विकायचा झाला तर मूळ अवस्थेत आणता आला पाहिजे.

आणि आत ३०० च्या वर व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरसुद्धा कपॅसिटरमध्ये राहू शकतात. ते डिस्चार्ज करून मीटरवर खात्री करता येत नसेल तर जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारे कोणी गाठा, त्यांना हे सगळं पाठ असतं.

प्रश्न: माझ्याही चॅम्पमध्ये नवी ६व्ही६ टाकलीय. बायस करावा (म्हणजे व्हॉल्व्हमधला स्थिर करंट सेट करावा) लागतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: बायसचा स्क्रू त्यात नसतोच, तो कॅथोड बायस आहे, म्हणजे कॅथोडच्या रेझिस्टरमुळे करंट आपोआप ठरतो. पण मोजून घ्या. कॅथोडच्या ४७० ओहमवर समजा २० व्होल्ट आले, तर २० भागिले ४७०, म्हणजे साधारण ४२ मिलीअँपियर. प्लेटवर ३५० असतील तर २० वजा करून ३३० उरले, करंटशी गुणाकार झाला १४ वॅटच्या आसपास, आणि आजच्या बहुतेक ६व्ही६ ची मर्यादा तेवढीच आहे. थोडा करंट स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या आणखी एका ग्रिडचा) असतो म्हणून प्रत्यक्षात जरा कमीच. तुमचा आकडा याच्या वर गेला तर ५६० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर लावा आणि परत मोजा.