मुंगी अरबीत बोलली का?

(विजापूर वेशीजवळच्या एका अम्मीचं पत्र: मुलगा नऊ वर्षांचा, असरनंतर (दुपारनंतरच्या नमाजनंतर) मकतबला, म्हणजे कुरआन शिकवणाऱ्या वर्गाला, जातो. पैगंबर सुलेमान अलैहिस्सलाम यांची गोष्ट ऐकताना त्याने विचारलं, 'मुंगी अरबीत बोलली का?' उस्तादांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. आता तो जायला तयार नाही. अब्बू म्हणतात, पोरगं बेअदब होतंय. काय करू?)

ताई,

पत्र वाचून आधी हसूच आलं. माफ करा, पण प्रश्न फक्कड आहे! कुरआनच्या २७व्या सूरहचं (अध्यायाचं) नावच 'नम्ल', म्हणजे मुंगी. ती बाकीच्यांना सांगते, घरात शिरा, नाहीतर सुलेमानचं लष्कर नकळत तुम्हाला तुडवेल. ते ऐकून सुलेमान रागावत नाहीत, हसतात. मग तुमच्या लेकाने तिची भाषा विचारली तर बिघडलं कुठे?

उस्तादांचंही समजून घ्या. असर ते मगरिब (सूर्यास्ताची नमाज) वेळ तो केवढा, त्यात एकेका पोराचा सबक (धडा) ऐकायचा. उच्चाराला ते कडक असतात ते बरोबरच आहे. 'क़ल्ब' म्हणजे हृदय. क़ हलका पडून 'कल्ब' झालं की कुत्रा. तिथे पोराचं डोकं चालवून उपयोग नाही, कान आणि जीभच हवी. घोळ होतो तो पठणाची शिस्त अर्थालाही लावली की.

अब्बूंना सूरह बकराची २६०वी आयत (वचन) काढून द्या. इब्राहीम अलैहिस्सलाम थेट अल्लाहला विचारतात, मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते दाखव. अल्लाह विचारतो, ईमान (श्रद्धा) नाही का? ते म्हणतात, आहे, पण दिलाला तसल्ली हवी. त्यावर त्यांना चार पाखरं घ्यायला सांगितलं गेलं. बेअदब कुणी म्हटलं नाही.

मकतबात तुम्ही नको, अब्बूंनाच पाठवा, उस्ताद एकटे असताना. तक्रारीचा सूर नको. पोर बुजलंय एवढं सांगायचं आणि विचारायचं, प्रश्न वहीत लिहून आणले तर आठवड्याला दहा मिनिटं द्याल का? घाईत चिडलेला माणूस निवांतपणी वेगळा असतो. तरी पुन्हा तसंच झालं, तर मकतब बदला. कुरआन तोच राहतो.

घरी कुरआनचा मराठी तर्जुमा (अनुवाद) आणा, गोष्ट तुमच्या दखनीत सांगा. मग त्याला म्हणा, आता मुंगीच्या बाजूने सांग: लष्कर यायच्या आधी जमीन कशी हादरली? वारुळाचा नकाशा काढू दे. (पैगंबरांचं चित्र नको, हे तुम्हाला सांगायला नकोच.) अडलात तर सरळ 'मला माहीत नाही, विचारू' म्हणा.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र जवळच सापडेल. मुंगीच्या दोनच आयती आधी सुलेमान म्हणतात, आम्हाला पाखरांची बोली शिकवली आहे. ती आयत त्यालाच शोधू द्या.

पुढचा प्रश्न बहुतेक मधमाशीचा येईल. १६वी सूरह, नहल. आधीच वाचून ठेवा.