मित्रांपुढे साक्ष देताना

ज्या मित्राला प्रभू येशूविषयी सांगावे (यालाच साक्ष देणे म्हणतात) असे तुम्हाला वाटते, त्याचे नाव घेऊन आधी रोज प्रार्थना करा, आणि ती केवळ त्याचे मन वळावे म्हणून नव्हे, तर त्याच्या आईच्या आजारपणासाठी, अडलेल्या नोकरीसाठीही असू द्या. बायबलमधील कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल प्रथम प्रार्थनेविषयी लिहितो आणि मिठाने रुचकर केलेल्या बोलण्याकडे नंतर वळतो. मित्राच्या घरी गणपतीला गेलात, तर तेथे वाद उकरून काढू नका (वाद घालणाऱ्यांची आपल्या मंडळीत वाण नाही). त्याने विचारल्यास आपला अनुभव साधेपणाने सांगा, मात्र केलेल्या मदतीची परतफेड म्हणून विश्वासाची अपेक्षा कधीही ठेवू नका. घाई तर मुळीच नको: ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली.