घाटावरचे दिवे पुरात टिकतील का?

प्रश्न : क्युबेक शहराने बंदरावरची जुनी धान्याची कोठारे प्रकाशचित्रांनी उजळली, असे वाचले. सिंहस्थानिमित्त आमच्या मंडळाला गंगाघाटावर तसे काही करायचे आहे. दिव्यांवर आयपी 67 लिहिले आहे. पावसाळ्यात ते काढावे लागतील का? आणि दूरचे दिवे लालसर का दिसतात?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : काढावेच लागतील. आयपी हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा. आयपी 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची हमी. गंगापूर धरणातून विसर्ग वाढून गोदावरीच्या पुराची पातळी जिच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले, की ते अर्ध्या तासात ओसरत नाही, आणि सोबत गाळ-ओंडके येतात ते वेगळेच. आयपी 68 घेतलात तरी किती खोली, किती वेळ, हे उत्पादकाच्या कागदावर पाहा. पाणी बहुधा काचेतून नव्हे, केबलच्या जोडातून शिरते. तापलेला दिवा सरीने एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि सैल ग्लँडमधून (केबल आत शिरते तिथल्या बुचातून) ओल आत ओढते. तिथे टेप गुंडाळून भागत नाही, जेल भरलेला जोडच हवा.

पायऱ्यांवर लोक ओल्या अंगाने वावरतात. तिथे 230 व्होल्ट आणूच नका. पॉवर सप्लाय आणि कंट्रोलर पूररेषेच्या वर, 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) ठेवा. खाली फक्त 24 व्होल्ट. दगडाला भोके पाडू नका, क्लँप वापरा. पुराआधी ते काढायलाही सोपे.

लालसरपणाचे कारण व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे लांब तारेत व्होल्टेज घटणे. 4 अँपिअरचा भार 20 मीटरवर असेल, तर 1.5 चौ. मिमी. तांब्याच्या तारेत जवळपास 2 व्होल्ट गळतात, 2.5 चौ. मिमी.मध्ये 1.2 व्होल्ट. रंगीत एलईडी पट्टीत निळा आणि हिरवा आधी मंदावतो, लाल उरतो. जाड तार घ्या किंवा दुसऱ्या टोकाकडूनही पुरवठा जोडा.

क्युबेकची नक्कल मात्र करू नका. 2008 मध्ये शहराच्या 400 व्या वर्षी नाट्यदिग्दर्शक रॉबेर लपाज यांनी 81 कोठारांच्या सुमारे 600 मीटर लांब भिंतीवर चित्रे टाकली. ते काँक्रीट फिकट होते. आपला काळा दगड प्रोजेक्टरचा प्रकाश गिळतो. त्यापेक्षा दिवा भिंतीपासून 15–20 सेंमीवर ठेवून प्रकाश भिंतीला घासून वर सोडा, सांधे उठून दिसतील. आधी एकच दिवा आणा, शेजारचा हायमास्ट चालू असताना रात्री लावून पाहा. त्यापुढे तो फिका पडला, तर खरेदी थांबवा.